ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग : संगणकाचे प्रोग्रॅम रचण्याची एक पद्धत. या पद्धतीत माहिती आणि त्या माहितीवर होणाऱ्या क्रिया एकत्र बांधून स्वतंत्र घटक तयार करतात. अशा घटकाला ऑब्जेक्ट म्हणतात. प्रोग्रॅम चालू असताना हे ऑब्जेक्ट एकमेकांकडे कामे सोपवतात आणि त्यातून एकूण काम पार पडते. सी किंवा पास्कलसारख्या भाषांतील प्रक्रियाप्रधान लेखनात माहिती एकीकडे आणि तिच्यावर चालणारी फंक्शने, म्हणजे ठरावीक काम करणारे प्रोग्रॅमचे तुकडे, दुसरीकडे असतात. प्रोग्रॅम काही हजार ओळींचा झाला की एखादी किंमत नेमकी कोणत्या फंक्शनने बिघडवली, हे शोधणे जिकिरीचे होते. मोठे आणि वर्षानुवर्षे सांभाळावे लागणारे प्रोग्रॅम आवाक्यात ठेवण्यासाठी ही पद्धत विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत सर्वत्र रुजली.

क्लास आणि ऑब्जेक्ट : क्लास हा ऑब्जेक्टचा आराखडा होय. ऑब्जेक्ट कोणती माहिती बाळगणार आणि कोणत्या क्रिया करू शकणार, हे त्यात ठरते. माहितीच्या जागांना फील्ड आणि क्रियांना मेथड म्हणतात. एका क्लासपासून हवे तितके ऑब्जेक्ट तयार करता येतात. प्रत्येकाच्या फील्डमधील किंमती स्वतंत्र असतात, मेथड मात्र सर्वांना सामाईक असतात. ऑब्जेक्ट तयार होताना आपोआप चालणाऱ्या मेथडला कन्स्ट्रक्टर म्हणतात.

उदाहरणार्थ, ‘खाते’ या क्लासमध्ये ‘शिल्लक’ हे फील्ड आणि ‘भर’ व ‘काढ’ या दोन मेथड आहेत, असे समजू. ‘काढ’ ही मेथड मागितलेली रक्कम शिल्लकेपेक्षा जास्त आहे का ते आधी तपासते आणि असल्यास नकार देते. ‘शिल्लक’ हे फील्ड बाहेरून हात लावता येणार नाही असे, म्हणजे प्रायव्हेट, ठेवले तर रक्कम कमी करण्याची ‘काढ’ ही एकच वाट उरते. मग शिल्लक ऋण झालीच तर चूक शोधण्यासाठी संपूर्ण प्रोग्रॅम धुंडाळावा लागत नाही. या क्लासच्या मोजक्या ओळी वाचल्या की पुरते. या पद्धतीचा खरा लाभ येथे आहे आणि नवशिक्याने तो प्रथम पक्का करावा.

याच उदाहरणात एक ठेच हमखास लागते. जावा किंवा पायथॉन या भाषांत ‘खाते१’ हे चल ‘खाते२’ला नेमून दिले तर खात्याची प्रत होत नाही. दोन्ही नावे एकाच ऑब्जेक्टकडे बोट दाखवतात. ‘खाते२’मधून ५०० काढले की ‘खाते१’ची शिल्लकही ५०० ने घटलेली दिसते. समान किंमती असणे आणि तोच ऑब्जेक्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पायथॉनमध्ये त्यांच्या तपासणीसाठी वेगवेगळी चिन्हे आहेत. जावामध्ये दुहेरी बरोबरीचे चिन्ह ऑब्जेक्ट तोच आहे का एवढेच पाहते.

उगमाचा प्रश्न : या पद्धतीचा उगम कोठे मानावा याबाबत एकमत नाही. बहुतेक संदर्भग्रंथ नॉर्वेतील सिम्युला या भाषेपासून सुरुवात करतात. ऑस्लो येथील नॉर्वेजियन कंप्युटिंग सेंटरमध्ये क्रिस्टन निगार्ड आणि ओले-योहान डाल यांनी १९६२ च्या सुमारास सिम्युलेशनसाठी, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराची प्रतिकृती संगणकावर चालवून पाहण्यासाठी, या भाषेची आखणी सुरू केली. ती अल्गॉल ६० या भाषेवर आधारलेली होती. तिच्या पहिल्या आवृत्तीत प्रत्येक घटकाला स्वतःची माहिती आणि स्वतःची कृती असे, पण भिन्न प्रकारच्या घटकांतील समान भाग एकदाच लिहिण्याची सोय नव्हती. पुलावरील टोलनाक्याच्या रांगेत ट्रकही असतात आणि बसही असतात. रांगेत उभे राहण्यापुरती दोन्ही सारखीच, बाकी गुणधर्म वेगळे. हे नीट मांडायचे कसे, हा दोघांपुढील प्रश्न होता. ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांनी १९६५-६६ च्या सुमारास मांडलेली ‘रेकॉर्ड क्लास’ची, म्हणजे एकाच प्रकारच्या माहितीसंचांचा वर्ग करण्याची, कल्पना त्यांना उपयोगी पडली, मात्र ती जशीच्या तशी पुरेशी नव्हती. एका क्लासच्या आधी दुसऱ्या क्लासचे नाव जोडून त्याचे सर्व गुणधर्म घेण्याची युक्ती, म्हणजे आजच्या इनहेरिटन्सचे मूळ रूप, त्यांना १९६६-६७ च्या हिवाळ्यात सुचली असे त्यांच्याच निवेदनावरून दिसते. सिम्युला ६७ ही सुधारित भाषा मे १९६७ मध्ये ऑस्लोजवळ लिसेबू येथील परिषदेत मांडण्यात आली. क्लास, ऑब्जेक्ट, उपक्लास (दुसऱ्या क्लासचे गुणधर्म घेणारा क्लास) आणि व्हर्च्युअल प्रोसिजर (उपक्लासला नव्याने लिहिता येणारी क्रिया) या चारही कल्पना तिच्यात एकत्र आल्या. फील्ड बाहेरच्यांपासून लपवण्याची सोय मात्र तिच्यात सुरुवातीला नव्हती. ती १९७० च्या दशकात आली.

दुसरा पक्ष उगम त्याहून मागे नेतो. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये प्रबंधरूपाने सादर केलेल्या स्केचपॅड या रेखाटनाच्या प्रणालीत मूळ आकृती आणि तिची उदाहरणे असा भेद होता. मूळ आकृती बदलली की तिची सर्व उदाहरणे आपोआप बदलत. क्लास आणि ऑब्जेक्ट यांच्या नात्याशी याचे साम्य उघड आहे. पण स्केचपॅड ही प्रोग्रामिंगची भाषा नव्हती, हेही लक्षात घ्यावे लागते.

तिसरे नाव अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ ॲलन के यांचे. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्दप्रयोग त्यांचा, याबाबत वाद नाही. तो १९६७ च्या आसपासचा असावा. युटा विद्यापीठात असताना स्केचपॅडचा प्रबंध आणि सिम्युलाचा कोड एकाच सुमारास त्यांच्या हाती पडला, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. जीवशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या के यांच्या डोळ्यांपुढे सजीव पेशींचे चित्र होते : स्वतःचे अंतरंग आवरणाआड राखणाऱ्या आणि केवळ संदेशांनी एकमेकींशी बोलणाऱ्या. झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात त्यांच्या गटाने स्मॉलटॉक ही भाषा घडवली. डॅन इंगल्स यांनी तिची प्रत्यक्ष बांधणी केली आणि अडेल गोल्डबर्ग यांनी तिच्या विकासात व प्रसारात मोठा वाटा उचलला. स्मॉलटॉक-७२ मध्ये इनहेरिटन्स नव्हते. ते स्मॉलटॉक-७६ मध्ये आले. पुढे २००३ मधील एका पत्रात के यांनी आपल्या लेखी या पद्धतीचा अर्थ सांगितला. संदेश, ऑब्जेक्टची अवस्था त्याच्यातच राखणे व लपवणे, आणि प्रत्येक गोष्टीचा निर्णय शक्य तितका उशिरा घेणे, एवढ्याच गोष्टी त्यात येतात. इनहेरिटन्सचा त्यात समावेश नाही.

उपलब्ध पुराव्यावरून रचनेचे श्रेय सिम्युलाला आणि नावाचे व व्यापक दृष्टीचे श्रेय के यांना देणे सयुक्तिक वाटते. डाल आणि निगार्ड यांना २००१ चे आणि के यांना २००३ चे ट्युरिंग पारितोषिक, म्हणजे संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा सन्मान, मिळाले.

एन्कॅप्सुलेशन : माहिती आणि मेथड एकत्र बांधणे व आतील रचना बाहेरच्यांपासून झाकणे. झाकण्याच्या विचाराला स्वतंत्र परंपरा आहे. डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये असे प्रतिपादन केले की प्रोग्रॅमचे भाग पाडताना पुढे बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका भागात लपवावा. बार्बरा लिस्कोव्ह यांच्या सीएलयू या भाषेत १९७० च्या दशकात हाच विचार भाषेच्या व्याकरणात उतरला.

‘प्रायव्हेट’चा अर्थ सर्व भाषांत एक नाही. स्मॉलटॉकमध्ये फील्ड त्या एका ऑब्जेक्टपुरते खासगी असते. सी प्लस प्लस आणि जावा यांत ते क्लासपुरते खासगी असते, म्हणजे एका खात्याच्या मेथडला त्याच क्लासच्या दुसऱ्या खात्याची शिल्लक थेट वाचता येते. पायथॉनमध्ये सक्ती नाही. नावाआधी अधोरेषा दिली की ते आतले आहे असे समजून वागण्याचा संकेत आहे. प्रत्येक फील्डसाठी किंमत वाचणारी आणि बदलणारी मेथड सरसकट लिहिण्याची सवय नवशिक्यांना लावली जाते. तिने झाकण्याचा हेतूच फसतो. ‘शिल्लक बदल’ अशी मेथड खुली ठेवली तर ‘काढ’मधील तपासणीला अर्थ उरत नाही.

इनहेरिटन्स : एका क्लासचे गुणधर्म व मेथड दुसऱ्या क्लासने घेणे. घेणाऱ्याला उपक्लास म्हणतात. ‘बचतखाते’ हा ‘खाते’चा उपक्लास केला तर ‘भर’ व ‘काढ’ पुन्हा लिहाव्या लागत नाहीत आणि व्याजाची मेथड तेवढी जोडता येते. उपक्लासने मिळालेली मेथड आपल्या पद्धतीने नव्याने लिहिणे म्हणजे ओव्हररायडिंग.

उपक्लास कधी करावा याचा सर्वांत नेमका निकष लिस्कोव्ह यांनी १९८७ च्या भाषणात मांडला आणि १९९४ मध्ये जेनेट विंग यांच्यासह काटेकोर स्वरूपात प्रसिद्ध केला. मूळ क्लासचा ऑब्जेक्ट जेथे चालतो तेथे उपक्लासचा ऑब्जेक्ट ठेवला तरी प्रोग्रॅमच्या अपेक्षा मोडता कामा नयेत. गणितात चौरस हा आयतच असतो, म्हणून ‘आयत’ या क्लासचा ‘चौरस’ हा उपक्लास करणे स्वाभाविक वाटते. आयताला ‘रुंदी ठेव’ आणि ‘उंची ठेव’ अशा दोन मेथड आहेत. चौरसाला बाजू समान राखायच्या असल्याने त्याच्या दोन्ही मेथड दोन्ही बाजू बदलतात. आता एखादे फंक्शन हाती आलेल्या आयताची रुंदी ५ ठेवते, मग उंची ४ ठेवते आणि क्षेत्रफळ २० येईल असे धरून पुढे जाते. हाती चौरस आला असेल तर उत्तर १६ येते. कंपायलर (लिहिलेल्या प्रोग्रॅमचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) तक्रार करत नाही, प्रोग्रॅम थांबत नाही, पण हिशेब चुकतो. दोष गणिताचा नाही. बाजू स्वतंत्रपणे बदलता येतील, हे आयताच्या क्लासने दिलेले वचन चौरस पाळू शकत नाही. मेथडच्या नावांसोबत असे वर्तनाचे वचनही वारशाने येते, ही गोष्ट प्रारंभिक पाठ्यपुस्तकांत क्वचितच पुरेशा जोराने सांगितली जाते. बाजू एकदा ठरल्यावर बदलता येणार नाहीत अशी रचना केली तर ही अडचण नाहीशी होते.

एकाहून अधिक मूळ क्लास घेण्याची मुभा सी प्लस प्लस व पायथॉन यांत आहे. दोन मूळ क्लास एकाच पूर्वज क्लासपासून निघालेले असतील तर त्यांच्यातील कोणाची मेथड घ्यायची, असा पेच पडतो. पायथॉनमध्ये २००३ पासून (आवृत्ती २.३) त्यासाठी क्रम ठरवण्याचा निश्चित नियम आहे. जावाने एकच मूळ क्लास आणि कितीही इंटरफेस (कोणत्या मेथड असाव्यात एवढेच सांगणारी यादी) असा मार्ग पत्करला. २०१४ मधील जावा ८ पासून इंटरफेसमध्येही मेथडचा तयार मजकूर देता येऊ लागला.

पॉलिमॉर्फिझम : एकाच विनंतीला भिन्न क्लासच्या ऑब्जेक्टनी आपापल्या परीने प्रतिसाद देणे. विविध आकृत्यांची यादी घेऊन प्रत्येकीला ‘क्षेत्रफळ’ विचारले तर वर्तुळ आपल्या सूत्राने व त्रिकोण आपल्या सूत्राने उत्तर देतो. विचारणाऱ्या कोडला आकृतीचा प्रकार ठाऊक असावा लागत नाही आणि पुढे षट्कोनाचा क्लास जोडला तरी तो कोड बदलावा लागत नाही. पॉलिमॉर्फिझमचे प्रकार पाडण्याचा प्रारंभ क्रिस्टोफर स्ट्रेची यांच्या १९६७ च्या व्याख्यानांत झाला. येथे अभिप्रेत असलेला प्रकार लुका कार्डेली व पीटर वेग्नर यांच्या १९८५ च्या वर्गीकरणात प्रथम स्वतंत्रपणे नोंदलेला आढळतो.

हे साधण्यासाठी कोणती मेथड चालवायची याचा निर्णय प्रोग्रॅम चालू असताना घ्यावा लागतो. सी प्लस प्लसचे कंपायलर सहसा अशा मेथड असलेल्या प्रत्येक क्लाससाठी त्यांच्या पत्त्यांचा एक तक्ता तयार करतात आणि त्या क्लासच्या प्रत्येक ऑब्जेक्टमध्ये त्या तक्त्याकडे नेणारा एक छुपा पत्ता ठेवतात. मेथड बोलावली की आधी तक्ता व मग त्यातील ठरावीक ओळ वाचून तेथे उडी मारली जाते. जावामध्ये बहुतेक मेथडना हे आपोआप लागू होते. सी प्लस प्लस व सी शार्पमध्ये मेथड ‘व्हर्च्युअल’ असल्याचे सांगावे लागते. एकाच नावाच्या पण वेगळे पॅरामीटर, म्हणजे मेथडला पुरवायच्या किंमती, घेणाऱ्या मेथड लिहिणे म्हणजे ओव्हरलोडिंग. या भाषांत त्याचा निर्णय सामान्यतः कंपायलर आधीच घेतो. ओव्हररायडिंग व ओव्हरलोडिंग यांची गल्लत करू नये.

क्लासविना ऑब्जेक्ट : क्लास असलाच पाहिजे असे नाही. डेव्हिड अंगर व रँडल स्मिथ यांच्या सेल्फ या भाषेत (१९८० च्या दशकाचा उत्तरार्ध) नवा ऑब्जेक्ट अस्तित्वात असलेल्या ऑब्जेक्टवरून होतो. १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी तयार केलेल्या जावास्क्रिप्टने हाच मार्ग घेतला. तिच्यात २०१५ पासून ‘क्लास’ हा शब्द आला असला तरी आतील यंत्रणा जुनीच आहे.

प्रसार आणि टीका : बेल लॅब्जमधील ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप यांनी १९७९ मध्ये सी भाषेला क्लास जोडण्यास सुरुवात केली, १९८३ मध्ये तिला सी प्लस प्लस हे नाव मिळाले. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जावा प्रसिद्ध केली. पायथॉन (१९९१), रुबी (१९९५) व सी शार्प या भाषांतही ही पद्धत मूलभूत आहे.

इनहेरिटन्सच्या अतिवापरावरील टीका १९९० च्या दशकापासून वाढत गेली. मूळ क्लासमधील निरुपद्रवी वाटणारा बदल दूरच्या उपक्लासमध्ये बिघाड घडवू शकतो. यावर उपाय म्हणून एका ऑब्जेक्टने दुसरा ऑब्जेक्ट आपल्यात बाळगून त्याच्याकडून काम करवून घ्यावे, असे सुचवले जाते. याला कंपोझिशन म्हणतात. २००९ मध्ये जाहीर झालेली गो आणि २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेली रस्ट या भाषांत क्लासचे इनहेरिटन्स ठेवलेले नाही. गोमधील इंटरफेस व रस्टमधील तशाच ट्रेट या सोयीच्या आधारे पॉलिमॉर्फिझम मात्र दोन्हींत आहे.