साखर उतरली की जंतू शिरले? पांढऱ्या पेशी दोन्हीकडे वाढतात

'एकादशी नि दुप्पट खाशी' करणाऱ्यांची काळजी नाही. साबुदाण्याने त्यांची साखर चढतेच. काळजी त्या आजींची, ज्या मधुमेहाची, साखर उतरवणारी ग्लिमेपिराइडची गोळी न चुकता घेतात आणि दिवसभर बिनसाखरेच्या चहावर काढतात. संध्याकाळी दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. दवाखान्यात साखर निघते ४५. सीबीसीमध्ये, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीत, पांढऱ्या पेशी १४,०००, जिथे साधारण ११,००० पर्यंत ठीक मानतात. रिपोर्ट बघून घरातलं कुणीतरी म्हणतंच, "इन्फेक्शन दिसतंय, अँटिबायोटिक द्या."

असेलही. पण नुसत्या त्या आकड्यावरून नाही सांगता येत.

न्यूट्रोफिल हा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. आपल्या रक्तातल्या या पेशींपैकी साधारण निम्म्या वाहतच नसतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना, विशेषतः फुप्फुसांत, चिकटून बसलेल्या असतात, गावातली माणसं पारावर बसावीत तशा. साखर ७०च्या खाली घसरू लागली की शरीर संकटकाळचं संप्रेरक अ‍ॅड्रिनलिन सोडतं. घाम आणि धडधड त्याचीच. त्याच्या हाकेने पारावरची मंडळी काही मिनिटांत रस्त्यावर येतात. मोजणी रस्त्यावरच होते, म्हणून आकडा फुगतो. गावाची वस्ती आहे तेवढीच. गंमत म्हणजे सुरुवातीला लिम्फोसाइट या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशीही वाढतात. काही तासांनी कॉर्टिसोल या दुसऱ्या ताण-संप्रेरकाचा जोर दिसू लागला की चित्र उलटतं: न्यूट्रोफिल आणखी वर, लिम्फोसाइट आणि इओसिनोफिल (आणखी एक प्रकार) खाली. म्हणजे रक्त किती वाजता काढलं, हे आकड्याइतकंच महत्त्वाचं.

जंतुसंसर्गात मात्र खरोखर नवी भरती होते. अस्थिमज्जा पेशी तयार करून धाडते, आणि घाईत अर्धवट शिकलेली पोरंही पाठवते. सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीवर या अपक्व पेशी, म्हणजे बँड पेशी, दिसतात, न्यूट्रोफिलमध्ये गडद, जाड कण दिसतात. ताप असतो (म्हाताऱ्या माणसांत नसतोही, ही मोठी फसवणूक). यकृतातून सीआरपी हे दाह (इन्फ्लमेशन) दाखवणारं प्रथिन वाढतं. ते चढायला सहा-आठ तास लागतात आणि कळस दोनेक दिवसांनी. जिवाणूंच्या मोठ्या संसर्गात ते शंभरीपार जाणं नेहमीचं.

मग साखर उतरण्याने दाह होतच नाही का? होतो, पण वेगळ्या मापाचा. नेदरलँड्समधल्या नायमेगनच्या संशोधकांनी स्वयंसेवकांची साखर मुद्दाम उतरवून पाहिली. पांढऱ्या पेशी तर वाढल्याच, शिवाय दाहाच्या काही खुणा आठवडाभर रेंगाळल्या. साखर पूर्ववत झाल्यावरही, हे विशेष. पण ही वाढ संवेदनशील चाचणीत दिसणारी, बारीक. साखर उतरली म्हणून सीआरपी १५० झालं, असं कुणी सांगितलं तर पटवून घेऊ नका, जंतू शोधा.

शंका असेल तर साखर सावरून, काही तासांनी सीबीसी पुन्हा करणं हा सोपा मार्ग. अ‍ॅड्रिनलिनचा फुगवटा ओसरू लागतो, संसर्गाचा टिकतो किंवा वाढतो. इथे एक खोच आहे. ग्लिमेपिराइडचा असर दिवसभर राहतो, मूत्रपिंड थकलेलं असेल तर त्याहूनही जास्त. ग्लुकोजची बाटली संपल्यावर रात्री साखर पुन्हा घसरली, की पेशी पुन्हा वर. म्हणून दुसऱ्या सीबीसीसोबत साखरही तपासायची.

कधीकधी दोन्ही एकदमच असतं. तीव्र जंतुदोषात किंवा गंभीर फाल्सिपेरम मलेरियात साखर उतरते. त्यात क्विनीन दिलं असेल तर ते इन्सुलिन वाढवून आणखी उतरवतं. आणि साधी गोष्ट, तापात जेवण जात नाही, पण मधुमेहाची गोळी मात्र जाते.

एक प्रकार तर पूर्ण उलटा. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी लाखांवर गेल्या की नमुन्याच्या नळीतली साखर त्याच खाऊन टाकतात. रिपोर्टवर साखर ३०, आणि पेशंट खाटेवर बसून मजेत गप्पा मारतोय. अशा वेळी बोटाला टोचून ग्लुकोमीटरवर बघायचं, आणि पुढचा नमुना पेशींचं साखर खाणं रोखणाऱ्या फ्लोराइडच्या करड्या झाकणाच्या नळीत घेऊन तडक प्रयोगशाळेत पाठवायचा.