अपघात दाव्यात जबर दुखापत कशी सिद्ध करावी: पात्रता, कागदपत्रे आणि प्रक्रिया

रस्ते अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो; अपघात पुणे–बेंगळुरू महामार्गावर दुसऱ्या जिल्ह्याच्या हद्दीत घडला असला, तरी अर्जदार कोल्हापूर जिल्ह्यात राहत असेल तर येथील मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा चालू शकतो. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत घातली आहे, त्यामुळे प्लास्टर निघेपर्यंत थांबू नये.

हाड मोडणे किंवा निखळणे, एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे, अवयव निकामी होणे, पंधरा दिवस तीव्र वेदना होणे किंवा तितके दिवस नेहमीची कामे करता न येणे, या बाबी भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार 'जबर दुखापत' ठरतात. अशा दुखापतीसाठी चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध न करताही मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख रुपये मागता येतात. मात्र नुकसान त्याहून मोठे असेल, तर कलम १६६ चाच मार्ग धरावा.

अर्जासोबत प्रथम खबर, घटनास्थळाचा पंचनामा, जखम प्रमाणपत्र, डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, मूळ बिले, ओळखपत्र आणि उत्पन्नाचा पुरावा जोडावा. यातली सर्वांत नाजूक नोंद एमएलसीची, म्हणजे रुग्णालयात दाखल होताना डॉक्टर करतात त्या वैद्यकीय-कायदेशीर नोंदीची असते. 'मोटारीने धडक दिली' याऐवजी 'घसरून पडला' एवढेच तिथे लिहिले गेले, तर विमा कंपनीचे वकील उलटतपासणीत नेमके त्यावरच बोट ठेवतात. म्हणून सीपीआर या कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी रुग्णालयात दाखल करतानाच नातेवाइकांनी वेळ, ठिकाण आणि वाहन नीट सांगावे.

कायमच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असले तरी ते पुरेसे नसते. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की शरीराच्या अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतील घट या वेगळ्या गोष्टी आहेत. हुपरीतल्या चांदी कारागिराच्या उजव्या अंगठ्याची पकड गेली, तर प्रमाणपत्रावर २० टक्के असले तरी त्याची कमाई ४० टक्क्यांनी घटू शकते. तो ३४ वर्षांचा असून महिन्याला १५,००० रुपये कमावत असेल, तर वर्षाच्या कमाईतील घटीला त्याच्या वयासाठी ठरलेल्या १६ या गुणकाने गुणल्यावर २० टक्क्यांना ५,७६,००० आणि ४० टक्क्यांना ११,५२,००० रुपये होतात. हा फरक मिळवायचा तर उपचार करणाऱ्या किंवा अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांची साक्ष घ्यावी, आणि तो कोणते काम करत होता व आता काय जमत नाही, हे मालकाच्या किंवा सहकाऱ्याच्या तोंडून नोंदवून घ्यावे.

निकाल मान्य नसेल आणि वादातील रक्कम एक लाखाहून कमी नसेल, तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच (खंडपीठ) सुरू झाल्याने त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही.