क्रोशाच्या विणीला उठाव आला कुठून?

साखळी, मुका खांब (बुटका टाका) आणि खांब (उंच टाका) हाताला बसले की क्रोशा शिकणारी पुष्कळ माणसं पॉपकॉर्नच्या विणीकडे वळतात. एकाच टाक्यात पाच खांब घालायचे, फासातून सुई काढून घ्यायची, ती पहिल्या खांबाच्या डोक्यात घालायची आणि सुटलेला फास तिथून ओढून घ्यायचा. पाचही खांब एकत्र येतात आणि विणीवर टपोरा फुगवटा उभा राहतो. कृती लगेच समजते, पण नमुने चाळायला लागलं की गोंधळ होतो. पॉपकॉर्न, बॉबल, पफ, बुलियन, क्लोन्स नॉट हे सगळे फुगवटेच, तरी प्रत्येकाची रीत वेगळी. या विणी एका ठिकाणी किंवा एका काळात जन्मलेल्या नाहीत. त्या कुठून आल्या हे कळलं की हातातल्या टाक्याचं वागणंही समजायला लागतं.

क्रोशा आपल्याला वाटतो तेवढा जुना नाही. विणकामाचे म्हणजे दोन सुयांवरच्या कामाचे कितीतरी शतकं जुने नमुने सापडतात. क्रोशाचं तसं नाही. डेन्मार्कच्या संशोधक लिस पालुदान यांनी युरोपभर या कलेचा माग काढला आणि १८०० च्या आधीचा खात्रीचा पुरावा मिळत नाही, असाच निष्कर्ष काढला. अरबस्तान, चीन, दक्षिण अमेरिका अशी उगमस्थानं सांगितली जातात, पण त्यांना आधार नाही.

मुळं दोन ठिकाणी दिसतात. एक म्हणजे आकड्याच्या सुईनं कापडावर केलेलं साखळीचं भरतकाम. आपल्याकडचं आरीकाम हेच. अठराव्या शतकात पूर्वेकडून ही पद्धत फ्रान्समध्ये पोहोचली. ढोलासारख्या गोल चौकटीत कापड ताणून बसवत, म्हणून तिथे तिला ढोलाचंच, ‘तांबूर’ हे नाव मिळालं. दोरा कापडाच्या खाली असतो आणि सुई वरून खुपसून त्याचा फास वर ओढतात. कापड काढून टाकलं तर हातात उरते ती क्रोशाची साखळी. दुसरं मूळ साध्या, लोकरीच्या कामाचं. स्कॉटलंडच्या एलिझाबेथ ग्रँट यांनी आपल्या आठवणींत १८१२ च्या सुमारास ‘मेंढपाळी विणकाम’ चालत असल्याचं लिहिलं आहे. चपट्या आकड्यानं घातलेल्या घट्ट, बुटक्या टाक्यांची ती वीण होती. त्यातून उबदार कपडा तयार होई, पण त्याला उठाव नसे.

छापील नमुने त्यानंतर थोड्याच वर्षांत आले. ‘पेनेलोपे’ या डच मासिकात १८२३ मध्ये रेशमी बटव्यांचे क्रोशाचे नमुने छापले गेले. १८४० च्या दशकापर्यंत इंग्लंडमध्ये अशा पुस्तकांना जोर आला होता. बटवे, सपाता, टोप्या असं ते काम असे. त्या काळचे नमुने पाहिले की एक गोष्ट लगेच जाणवते. सगळी शोभा रंगांची आहे. वीण दाट आणि सपाट. बऱ्याच नमुन्यांत काम उलटवायचंच नसे. ओळ संपली की दोरा तोडायचा आणि पुन्हा उजव्या टोकापासून सुरुवात करायची. टाक्याचा फक्त मागचा पदर उचलला तर बारीक रेघ उठते, तेवढाच काय तो खडबडीतपणा.

मग हे सपाट काम फुगलं कसं? माझ्या मते याचं उत्तर आयर्लंडमध्ये आहे, आणि ते फार दुःखाचं आहे.

१८४५ मध्ये तिथल्या बटाट्याच्या पिकावर करपा पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि रोगांनी मेली, आणि जवळपास तेवढीच देश सोडून गेली. ज्या घरांत शेतीचं काही उरलं नव्हतं, तिथे बायकांच्या हाताला काम देण्याची धडपड सुरू झाली. कॉर्कजवळच्या ब्लॅकरॉकच्या उर्सुलाइन मठातल्या जोगिणी मुलींना क्रोशा शिकवत होत्या. किल्डेअर परगण्यातल्या थॉर्नटनला मिसेस रॉबर्ट्स यांनी हेच काम उभं केलं. तिथे तयार झालेल्या शिक्षिका इतर गावांत गेल्या. १८४७ मध्ये मोनाहन परगण्यातल्या क्लोन्सला धर्मगुरूंच्या पत्नी कॅसांड्रा हँड यांनीही अशीच शिक्षिका बोलावून घेतली. सुई विकत घेणं परवडत नसे, तिथे तारेचं टोक वाकवून ते लाकडात किंवा बुचात खोचून काम भागवलं जाई.

या बायकांसमोर जो माल ठेवला गेला तो क्रोशाचा नव्हता. तो होता सतराव्या शतकातल्या व्हेनिसच्या उठावदार लेसचा. शिवणाच्या सुईनं केलेली ही लेस म्हणजे पाकळ्या, वेलबुट्ट्या आणि जाड कोरलेल्या कडा. राजेरजवाडे आणि बडे धर्मगुरू ती वापरत. तिचा एक तुकडा करायला अफाट वेळ लागे. तसाच देखावा क्रोशानं कितीतरी लवकर साधता येतो, हे त्या संकटात उमगलं. मात्र व्हेनिसच्या लेसचं सौंदर्य तिच्या उठावात होतं. नक्कल करायची तर क्रोशालाही उभं राहणं भाग होतं.

त्यासाठी काढलेल्या युक्त्या आजही तशाच शिकवल्या जातात. पहिली युक्ती भरावाच्या दोऱ्याची. जाड दोऱ्याचे दोन-चार पदर एकत्र धरायचे आणि त्यांच्यावरून मुके खांब घालत जायचं. दोरा आत दडतो आणि कड गोल, टणक होते. दोरा किंचित ओढला की पान आपोआप वळतं. दुसरी युक्ती गुलाबाची. आधी पाकळ्यांचं एक वर्तुळ विणायचं, मग पाकळ्यांच्या पाठीमागून साखळीच्या कमानी घालायच्या आणि त्या कमानींवर जरा मोठ्या पाकळ्यांचा दुसरा थर चढवायचा. असे दोन-तीन थर झाले की फूल खरोखर उमलल्यासारखं दिसतं. दोऱ्यानं दोऱ्याच्या मागे जाऊन काम करायचं, ही कल्पना इथे किती सहज आली आहे! क्रोशाच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी झेप मानावी असं मला वाटतं, कारण तोवर टाका टाक्याच्या डोक्यावरच उभा राहत होता.

काम वाटून घेतलं जाई. एखाद्या घरात फक्त गुलाब होत, दुसऱ्या घरात पानं किंवा द्राक्षांचे घोस. खास आकृत्या घराण्याच्या असल्यासारख्या जपल्या जात. मग त्या सगळ्या आकृत्या कापडावर पालथ्या टाचून मधली जागा जाळीनं भरायची. कॉर्ककडे ही जाळी पिकोची, म्हणजे साखळीच्या बारीक टोकदार फासांची असे. क्लोन्सकडे तिच्यात एक वेगळी गाठ आली. थोड्या साखळ्या घालायच्या, सुईवर दोरा घेऊन ती साखळीच्या खालून फिरवायची, पुन्हा दोरा घ्यायचा, पुन्हा फिरवायची. सुईवर बरेच वेढे जमले की सगळ्यांतून एकदम दोरा ओढून गाठ आवळायची. हीच क्लोन्स नॉट. जाळीत दाणे अडकल्यासारखे दिसतात ते याच गाठीमुळे. ही गाठ शिकताना सगळ्यांचेच वेढे पहिल्यांदा असमान येतात. साखळी डाव्या हाताच्या बोटांनी ताठ धरली आणि प्रत्येक वेढा सारख्या उंचीपर्यंत ओढला की गाठ नीट बसते.

याच वर्षांत नमुन्यांची पुस्तकं लिहिणाऱ्या एलिओनोर रिएगो द ला ब्रांशार्दिएर हिचं नाव पुढे येतं. वडील फ्रेंच-स्पॅनिश वंशाचे, आई आयरिश. तिचं पहिलं पुस्तक १८४६ मध्ये आलं तेव्हा ती अजून विशीतही नव्हती. पुढे तिनं सत्तरहून जास्त पुस्तकं काढली. सुईच्या जुन्या लेसचं क्रोशात रूपांतर केल्याचं श्रेय तिच्याकडे जातं. ते एकट्या तिला द्यावं असं मला वाटत नाही, कारण मठांत आणि झोपड्यांत तेच काम त्याच वेळी चाललं होतं. तिचं खरं मोठेपण वेगळं आहे. हाताकडे पाहून शिकायची गोष्ट तिनं वाचून शिकता येईल अशी लिहिली. त्याआधी शिकायचा मार्ग म्हणजे कुणाच्या तरी जवळ बसणं, नाहीतर कागदावर किंवा कापडाच्या पट्टीवर टाचून ठेवलेले विणीचे तुकडे भिंगाखाली मोजून उतरवून घेणं. उठावाच्या विणीत हे फार अवघड जातं. फुगवट्याच्या आत काय चाललंय ते वरून दिसत नाही.

फुगवट्याला दोरा भरपूर लागतो, हाही इतिहासाचाच भाग. जिथे एक खांब पुरला असता तिथे पॉपकॉर्नमध्ये पाच जातात. मऊ, एकसारखा आणि स्वस्त सुती दोरा गिरण्यांतून मिळायला लागल्यावरच अशी उधळपट्टी शक्य झाली. स्कॉटलंडच्या पेझलीमध्ये क्लार्क कुटुंबानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच सुती दोऱ्याचा धंदा उभा केला होता. जॉन मर्सर यांनी सुताला कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया शोधून १८५० मध्ये तिचं पेटंट घेतलं. १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी सूत ताणून धरून ती प्रक्रिया केली, तेव्हा दोऱ्याला चमक आली. चमकत्या दोऱ्यावर प्रकाश पडला की फुगवट्याची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते. एकोणिसाव्या शतकाची अखेर आणि विसाव्याची सुरुवात हा पॉपकॉर्नच्या पांढऱ्याशुभ्र चादरींचा काळ होता, याचं मला आश्चर्य वाटत नाही. रंग एकच, तरी सगळी नक्षी छायाप्रकाशाची.

त्या चादरी बहुधा षटकोनी किंवा चौकोनी तुकड्यांच्या असत, आणि त्यामागे साधं कारण दिसतं. गोल विणताना सुलटी बाजू कायम समोर राहते, त्यामुळे प्रत्येक पॉपकॉर्न आपल्याकडेच फुगतो. ओळी उलटसुलट विणायच्या तर उलट्या ओळीत सुई पहिल्या खांबातून मागून पुढे घालावी लागते. बॉबलचं याच्या नेमकं उलट आहे. त्यात अर्धवट सोडलेले खांब शेवटी एकत्र बंद करतात आणि तो आपल्यापासून दूर, मागच्या बाजूला फुगतो. म्हणून तो उलट्या ओळीत घालायचा आणि दोन्ही बाजूंना बुटके मुके खांब ठेवायचे. उंच टाका बुटक्यांमध्ये सापडला की त्याला वाकून बाहेर येण्यावाचून गत्यंतर नसतं. पफमध्ये खांबच नसतात, नुसते लांब ओढलेले फास असतात, त्यामुळे तो मऊ राहतो. बुलियनमध्ये सुईवर सात ते दहा वेढे घेऊन सगळ्यांतून एकदम फास ओढायचा. टोकापासून दांड्यापर्यंत एकसारख्या जाडीची सुई नसेल तर तिथे हमखास अडतं.

थेरेझ द दिलमाँ यांनी १८८६ मध्ये हस्तकलेचा आपला ज्ञानकोश काढला आणि त्यात क्रोशाला स्वतंत्र प्रकरण दिलं. बारकाईनं काढलेल्या चित्रांमुळे टाक्याची आतली घडण घरोघरी पोहोचली. विसाव्या शतकात चिन्हांचे तक्ते आले आणि जपानमध्ये ती चिन्हं प्रमाणित झाली. उठावाच्या विणीसाठी मी नेहमी तक्ताच सुचवते, कारण पाच खांब एका पायातून निघालेत की पाच पायांतून, हे एका नजरेत कळतं. जुना छापील नमुना घेतला तर तो इंग्लंडचा आहे की अमेरिकेचा ते आधी बघावं. दोन्हीकडे टाक्यांची नावं एका पायरीनं सरकलेली आहेत, आणि चुकीची पद्धत धरली तर फुगवट्याची उंचीच बदलते.

नक्कल करता करता स्वतःचं काहीतरी घडवायची क्रोशाची ही सवय पुढेही टिकली. विसाव्या शतकाच्या मध्यावर आयर्लंडच्याच ॲरन बेटांचे दोरखंडी नक्षीचे स्वेटर लोकप्रिय झाले. ती नक्षी दोन सुयांची. क्रोशानं ती खांबाच्या देठाभोवती सुई घालून साधली. टाक्याच्या डोक्याऐवजी त्याचा देठ पकडायचा, म्हणजे खांब कापडावर उठून येतो. असे दोन देठ एकमेकांवरून ओलांडले की दोर वळतो. टोपलीची वीण आणि मगरीच्या खवल्यांची वीण याच युक्तीवर उभ्या आहेत.

हे सगळं जमतं कारण क्रोशात एका वेळी एकच फास जिवंत असतो. विणकामात ओळीतला प्रत्येक टाका सुईवर अडकलेला असतो. क्रोशात सुई मोकळी असते. ती मागच्या ओळीत, देठाभोवती, पाकळीच्या पाठीमागे कुठेही जाऊ शकते. यंत्राला नेमकं हेच जमलेलं नाही. क्रोशासारखं दिसणारं यंत्राचं कापड बहुतेकदा ताण्याच्या विणकामाचं, म्हणजे उभे दोरे एकमेकांत अडकवून केलेलं असतं. १८८० च्या दशकात सॅक्सनी आणि स्वित्झर्लंडच्या सेंट गॅलनमध्ये आयरिश लेसची हुबेहूब नक्कल निघाली, तीही यंत्रावर भरतकाम करून आणि खालचं कापड रसायनात विरघळवून. खऱ्या क्रोशाचं यंत्र अजून प्रयोगशाळेच्या फार पुढे गेलेलं नाही.

१९०० नंतरच्या दशकात पॅरिसच्या फॅशनमध्ये आयरिश क्रोशाचे पूर्ण अंगरखे होते. पहिल्या महायुद्धानंतर ती मागणी ओसरली. ज्या घरांत गुलाब विणले गेले त्या घरांची नावं त्या अंगरख्यांवर नाहीत. आंध्रातल्या नरसापूरच्या लेसकामगार बायकांचा समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी केलेला अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हाही हेच चित्र होतं. दिवसभर सुई चालवणाऱ्या बायका ‘घरी बसलेल्या’ समजल्या जात आणि मजुरी नाममात्र मिळे. पॉपकॉर्न किंवा देठाची वीण असलेला कपडा आज दुकानात फार स्वस्त दिसला, तर तोही कुणाच्या तरी हातानंच विणलेला आहे, आणि त्या हाताला किती मिळालं हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.