आभासी ग्रँड पियानो : भौतिक प्रतिमानावर आधारित वाद्याची निवड

संगणकात पियानोच्या आवाजाचे ध्वनिमुद्रण न साठवता, तार, हातोडी, घोडी आणि ध्वनिफलक यांच्या हालचालींचे गणित त्या त्या क्षणी सोडवून आवाज निर्माण करणाऱ्या सॉफ्टवेअरला भौतिक प्रतिमानावर आधारलेला आभासी पियानो म्हणतात. वादकांच्या बोलण्यात ‘मॉडेल्ड पियानो’ हाच शब्द रुळला आहे. त्याला स्वतःच्या पट्ट्या नसतात. मिडी (वाद्याने संगणकाला ‘कोणती पट्टी, किती जोरात’ हे आकड्यांत कळवण्याची पद्धत) कीबोर्ड किंवा डिजिटल पियानो यूएसबीने संगणकाला जोडून तो वाजवतात.

याला पर्याय म्हणजे सॅम्पल पद्धत. तीत खऱ्या पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी अनेकदा वाजवून ध्वनिमुद्रित केलेली असते आणि वादकाने पट्टी दाबली की जुळणारे मुद्रण ऐकवले जाते. मोठे सॅम्पल संग्रह 100 जीबीच्या पुढे जातात, तर फ्रान्समधील तुलूझ शहरातल्या मोडार्ट कंपनीचा पियानोटेक हा मॉडेल्ड पियानो त्याच्या अगदी लहानशा अंशात मावतो. मात्र निवडीचे कारण आकार नव्हे. मुद्रण कितीही उत्तम असले तरी ते होऊन गेलेल्या वाजवण्याचे असते. मॉडेलमध्ये आधीच कंप पावणाऱ्या तारेवर दुसरा आघात झाला, तर त्याचा परिणाम पहिल्या आघातापेक्षा वेगळा निघतो.

पियानोचे गणित अवघड होते ते तारेच्या ताठरपणामुळे. आदर्श तारेचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वराबरोबर उमटणारे वरचे सूक्ष्म स्वर, मूळ कंपनसंख्येच्या नेमक्या दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. तंबोऱ्याच्या खर्जातून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा असाच पाचपट कंपनसंख्येचा उपस्वर. पियानोची पोलादी तार जाड आणि ताठ असल्याने तिचे उपस्वर क्रमाने थोडे थोडे चढत जातात. म्हणून ट्यूनर, म्हणजे पियानो लावणारा कारागीर, वरची सप्तके किंचित चढी आणि खालची किंचित उतरती लावतो, आणि चांगले मॉडेलही तसेच लागलेले असते. हार्मोनियमबरोबर साथ करताना तार सप्तकात सूर भिडत नसेल, तर दोष वादकाच्या कानाचा नसून अशा चढ्या लावणीचा असू शकतो. तार जितकी लांब तितका हा विसंवाद कमी. 274 सेंमी लांबीच्या स्टाइनवे डी पियानोचा खर्ज भरीव वाटतो, त्याचे हे एक कारण आहे.

दुसरी गुंतागुंत हातोडीची. तिच्यावरचा फेल्ट (दाबलेल्या लोकरीचे आवरण) जोरात दाबला गेला की घट्ट होतो. त्यामुळे जोराने वाजवलेला स्वर नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगच उजळतो. हातोडी तारेला टेकलेली राहते ती खर्जात सुमारे चार मिलिसेकंद आणि अगदी वरच्या स्वरांत एका मिलिसेकंदाहूनही कमी. या आघाताच्या अभ्यासात भारताचाही वाटा आहे. तंबोरा-वीणेच्या ध्वनिशास्त्रासाठी ओळखले जाणारे सी. व्ही. रामन यांनी कोलकात्यात असताना, सहकारी बॅनर्जी यांच्यासह, पियानोच्या हातोडीच्या आघातावरील निबंध 1920 मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला होता.

तिसरी गोष्ट स्वर विझण्याची. मधल्या आणि वरच्या पट्ट्यांना प्रत्येकी तीन तारा असतात. त्या एकत्र हलतात तेव्हा घोडीमार्फत ऊर्जा भराभर ध्वनिफलकात जाते आणि आवाज झपाट्याने उतरतो. पण तिन्ही तारा तंतोतंत सारख्या लागलेल्या नसल्याने त्यांची साथ सुटते आणि मागे मंद, लांबणारी आस राहते. भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनराइश यांनी 1977 मध्ये याची उकल मांडली. स्वस्त डिजिटल पियानोत नेमकी हीच आस हरवलेली असते.

तारेचे कंपन संगणकावर सोडवण्याचे प्रयत्न हिलर आणि रुइझ या संशोधकांनी 1971 मध्येच केले होते, पण तेव्हाच्या यंत्रांना ते पट्टी दाबताक्षणी आवाज निघण्याइतक्या वेगाने जमणारे नव्हते. यामाहाचा व्हीएल1 हा भौतिक प्रतिमानावरचा सिंथेसायझर 1994 मध्ये बाजारात आला. पियानोटेक 2006 मध्ये आला. त्यामागचे फिलिप गिओम हे गणितज्ञ पूर्वी पियानो लावण्याचे काम करत, आणि हे त्या सॉफ्टवेअरच्या रचनेतही दिसते : हातोडीचा कठीणपणा, तीन तारांमधला फरक, ध्वनिफलकाचा प्रतिसाद ही कारागिराच्या हाताखालची कामे तिथे सरकपट्ट्या होऊन येतात. वाद्य नवेकोरे ठेवायचे की झिजलेले, हेही ठरवता येते. पैसे मोजून पियानो बेसूर करून घेणारे लोक थोडे नाहीत. रोलंडचा व्ही-पियानो 2009 मध्ये आला. त्यात हेच तत्त्व थेट वाद्याच्या पेटीत बसवले होते.

निवड करताना नेटवरचे नमुने ऐकून निर्णय घेणे ही सर्वांत सामान्य चूक होय. नुसते ऐकायला उत्तम सॅम्पल संग्रह अजूनही बरेचदा सरस वाटतो, विशेषतः वरच्या दोन सप्तकांत, जिथे मॉडेलचा आवाज काहींना धातूसारखा किंवा प्लास्टिकसारखा लागतो. मॉडेलचे बळ बोटांना कळते. आवाज न करता सा, ग, प या पट्ट्या दाबून धराव्यात आणि खालचा खर्ज झटकन मारून सोडावा : मोकळ्या तारा आपोआप गुणगुणल्या पाहिजेत. पेडल दाबून एकच पट्टी आठ-दहा वेळा मारावी. प्रत्येक वेळी तोच ठसा उमटत असेल तर वाद्य निर्जीव आहे. एक स्वर धरून तो पूर्ण विझेपर्यंत थांबावे. आणि शक्य तितक्या हळू वाजवून पाहावे, कारण जोरात सगळेच पियानो चांगले वाजतात.

पियानोटेकची चाचणी आवृत्ती फुकट मिळते. ती 20 मिनिटांनी थांबते आणि तिच्यात काही पट्ट्या मुक्या असतात, तरी एवढ्या परीक्षेला ती पुरते. विकत घेताना स्टेज, स्टँडर्ड आणि प्रो अशा पायऱ्या आहेत. नुसते वाजवायचे असेल तर स्टेज पुरते. मायक्रोफोन हलवायचे किंवा वाद्याची जडणघडण बदलायची असेल तर स्टँडर्ड लागते, आणि एकेक स्वर वेगळा घडवायचा असेल तरच प्रो. पियानोटेकमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या पियानोंची प्रतिमाने असतात; त्यांतला कोणता घ्यावा याचे उत्तर मात्र कानाचेच. ब्ल्यूथनरच्या वरच्या पट्ट्यांना हातोडी न लागणारी चौथी तार असते, तिची झिलई स्टाइनवेत शोधून सापडणार नाही.

निराशेचे मूळ पुष्कळदा सॉफ्टवेअरबाहेर असते. मिडीच्या मूळ पद्धतीत आघाताचा जोर 1 ते 127 एवढ्याच आकड्यांत मोजला जातो आणि प्रत्येक कीबोर्ड तो आपापल्या परीने मोजतो. म्हणून आघाताची वक्ररेषा, म्हणजे बोटाच्या जोराला किती आवाज हे ठरवणारी सॉफ्टवेअरमधली रेषा, आपल्या हाताप्रमाणे जुळवून घेतल्याखेरीज कोणत्याही पियानोला नावे ठेवू नयेत. पेडल चालू-बंद प्रकारचे असेल तर अर्धा पेडल, म्हणजे पेडल थोडेच दाबून स्वर अर्धवट दाबण्याची सोय, मिळणारच नाही, आणि मॉडेलमधली निम्मी मेहनत वाया जाईल. संगणक आवाज छोट्या तुकड्यांत साठवून पुढे पाठवतो, त्या साठ्याला बफर म्हणतात. सेकंदाला 48,000 ध्वनिनमुने (48,000 हर्ट्झ) या वेगाने 128 नमुन्यांचा बफर ठेवला तर त्याने होणारा उशीर सुमारे 2.7 मिलिसेकंद असतो. ध्वनी तेवढ्या वेळात साधारण 90 सेंमी जातो, म्हणजे खऱ्या पियानोसमोर बसल्यावर तारेपासून कानापर्यंतच्या अंतराएवढेच. ब्लूटूथ हेडफोनचा उशीर याच्या कितीतरी पट असल्याने ते टाळावेत. लॅपटॉप वीजबचतीवर असेल तर आवाज तडतडतो. त्याचा दोष मॉडेलवर जातो.

मुंबई, कोकण किंवा गोव्यात या पर्यायाला आणखी एक अर्थ आहे. खऱ्या ग्रँड पियानोत तारांचा एकूण ताण सुमारे 20 टनांच्या घरात असतो. पावसाळ्यात ध्वनिफलकाचे लाकूड ओल शोषून फुगले की सूर चढतो, हवा कोरडी झाली की उतरतो, आणि वर्षातून अनेकदा ट्यूनर बोलवावा लागतो. स्टाइनवे डीसारखे सुमारे 480 किलोचे वाद्य फ्लॅटच्या जिन्यावरून चढवण्याचा प्रश्न वेगळाच.

स्टँडर्ड आणि प्रो आवृत्त्यांत स्वरांतरे हवी तशी लावता येतात. त्यामुळे एखाद्या रागाचा कोमल रिषभ किंवा गंधार हव्या त्या श्रुतीवर बसवून पियानो वाजवता येतो. खऱ्या पियानोवर त्यासाठी दोनशेहून अधिक तारांपैकी कित्येक पुन्हा लावाव्या लागतील. मींड मात्र पट्ट्यांतून निघत नाही. हातोडी तारेला स्पर्श करून मागे फिरली की त्या स्वरावर वादकाचा हक्क उरतो तो फक्त तो थांबवण्यापुरता, आणि प्रामाणिक मॉडेल हेही जसेच्या तसे पाळते.