लघुगट समुपदेशन, शालेय

अभ्यासात, वर्तनात किंवा मित्रसंबंधांत अडखळणाऱ्या चार ते आठ विद्यार्थ्यांना शाळेतच, ठरावीक मुदतीसाठी, प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर एकत्र बसवण्याची पद्धत. आपली अडचण मुलांनी एकमेकांच्या मदतीने ओळखावी आणि तिच्यावरचे उपाय त्याच गटात करून पाहावेत, हा तिचा गाभा आहे. जादा तास, शिकवणी, अख्ख्या वर्गापुढचे व्याख्यान किंवा व्यक्तिमत्त्व विकास शिबिर यांत ती मोडत नाही. मनोविकारग्रस्तांसाठीचा गट मानसोपचारही वेगळा. तो रुग्णालयाच्या कक्षेतला विषय आहे.

संज्ञा : ‘सम्’ हा उपसर्ग ‘उपदेशन’ शब्दाला लागून समुपदेशन हा शब्द झाला. मराठीत तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला असावा. त्याआधीच्या शैक्षणिक लेखनात सर्रास ‘मार्गदर्शन’ आढळते. शब्दात उपदेश असला तरी प्रक्रियेत उपदेश टाळायचा असतो, म्हणून ही संज्ञा काहींना अयोग्य वाटते. आक्षेप निराधार नाही : मुंबईतले पालक ‘याला जरा चार शब्द सांगा’ म्हणूनच मूल समुपदेशकाकडे आणतात. तरीही शासकीय पत्रव्यवहारात व विद्यापीठीय अभ्यासक्रमांत हीच संज्ञा स्थिरावली असल्याने येथे ती स्वीकारली आहे. मुले व शिक्षक बोलताना ‘कौन्सेलिंग’च म्हणतात.

उगम : या पद्धतीचा आरंभ कोठे मानावा याबद्दल एकमत नाही. बॉस्टनमधील वैद्य जोसेफ प्रॅट यांनी १९०५ साली गरीब क्षयरुग्णांना गटाने एकत्र आणून आहार-विश्रांतीचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. एकमेकांच्या सहवासाने रुग्णांना धीर येतो, हे त्यांच्या ध्यानात आले. वैद्यकीय परंपरेतले लेखक येथून इतिहास सुरू करतात. शिक्षणाच्या अंगाने लिहिणारे जेसी डेव्हिस यांचे नाव घेतात. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे मुख्याध्यापक असताना, १९०७ च्या सुमारास, त्यांनी इंग्रजी निबंधाच्या तासाला आठवड्यातून एकदा व्यवसाय व शील यांविषयीचे पाठ सुरू केले. परंतु ते पूर्ण वर्गासाठी होते, गटासाठी नव्हे. व्हिएन्नातील मानसोपचारतज्ज्ञ आल्फ्रेड आड्लर आपल्या बालमार्गदर्शन केंद्रांत १९२० च्या दशकात पालक-शिक्षकांसमक्ष मुलांशी बोलत. तिसरा धागा हा. ‘गट मानसोपचार’ ही संज्ञा मानसोपचारतज्ज्ञ जे. एल. मोरेनो यांनी १९३० च्या दशकारंभी रूढ केली. ‘गट समुपदेशन’ ही संज्ञा १९३१ साली आर. डी. ॲलन यांनी प्रथम छापील लेखनात वापरली असे या विषयाचे अभ्यासक जॉर्ज गाझ्दा नोंदवतात. मात्र ॲलन ज्याचे वर्णन करतात त्याला आज गट मार्गदर्शन (गटाला माहिती व सल्ला देणे) म्हटले जाईल, हेही गाझ्दाच दाखवून देतात. सदस्यांच्या परस्परसंबंधांतूनच बदल घडतो ही आजची धारणा दुसऱ्या महायुद्धानंतर, मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांच्या गटगतिकीवरील (गटातील माणसे एकमेकांवर कसा प्रभाव टाकतात यावरील) कामानंतर आली. त्या अर्थाने शालेय लघुगट समुपदेशनाचे मूळ डेव्हिसांपेक्षा लेविन यांच्या अधिक जवळचे वाटते.

मुंबईतील पूर्वपीठिका : नागपाड्यात १९३६ साली सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क (आजची टाटा समाजविज्ञान संस्था) या संस्थेने १९३७ मध्ये बालमार्गदर्शन चिकित्सालय उघडले. पारशी पंचायतीने १९४७ साली आणि मुंबई सरकारने १९५० साली व्यवसाय मार्गदर्शनाची केंद्रे काढली. मुदलियार (१९५२–५३) व कोठारी (१९६४–६६) या शिक्षण आयोगांनी शाळांत मार्गदर्शनसेवेची शिफारस केली. या सर्व काळात भर कसोट्या, अभिरुची व व्यवसायनिवड यांवर होता.

गटाची निवड : बहुतेक गट फसतात ते पहिल्या सत्राच्या आधी, निवडीत. वर्गशिक्षकाकडे ‘त्रासदायक मुलांची यादी द्या’ असे मागितले की आक्रमक अशी सात मुले एका खोलीत येतात. समवयस्कांच्या हसण्याने व कौतुकाने अशा गटात गैरवर्तन उलट पक्के होते, असा इशारा संशोधक टॉमस डिशियन, जोन मॅककॉर्ड व फ्रँसोआ पूलँ यांनी १९९९ साली दिला. बॅर वाइस व सहकाऱ्यांच्या २००५ मधील आढाव्यात या परिणामाला भक्कम आधार मिळाला नाही. वाद पूर्ण मिटलेला नसला तरी व्यवहारात पहिल्या मताला धरून चालणे सुरक्षित आहे : सहा जणांच्या गटात चटकन हात उगारणारी दोनपेक्षा अधिक मुले नसावीत आणि ज्यांची अडचण बरीचशी सुटली आहे अशी एक-दोन मुले मुद्दाम घ्यावीत.

प्राथमिक वर्गांत चार ते पाच, माध्यमिकमध्ये सहा ते आठ ही संख्या योग्य ठरते. वयातले अंतर दोन वर्षांहून जास्त नसावे. प्रत्येकाची आधी पंधरा-वीस मिनिटे स्वतंत्र भेट घ्यावी. गट कशासाठी आहे हे त्याच्या भाषेत सांगावे. पालकांची लेखी संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार, दोन्ही घ्यावेत. त्याच भेटीत दृष्टी, श्रवण व वाचन यांची प्राथमिक तपासणी उरकावी. फळा न दिसणाऱ्या मुलाला चष्मा लागतो, गट नव्हे. वाचनात सातत्याने अक्षरे गाळणाऱ्या, बोलताना हुशार पण लिहिताना अडणाऱ्या मुलाला अध्ययन अक्षमतेच्या चाचणीसाठी पाठवावे. मुंबईत शीव, नायर व केईएम या महापालिका रुग्णालयांत ही सोय आहे. अशा विद्यार्थ्यांना महाराष्ट्रात १९९६ पासून दहावीच्या परीक्षेत सवलती मिळू लागल्या. प्रमाणपत्राच्या प्रक्रियेला काही महिने लागू शकतात, तेव्हा हे काम नववीतच सुरू करावे.

खुनशी भांडण चालू असलेली दोन मुले, नुकताच घरात मृत्यू झालेले मूल आणि स्वतःला इजा करण्याचे विचार बोलून दाखवणारे मूल यांना गटात घेऊ नये. त्यांना आधी स्वतंत्र भेटी हव्यात.

वेळापत्रक : आठ ते दहा सत्रे, आठवड्याला एक, प्रत्येक सत्र एका तासिकेचे, म्हणजे सुमारे ३५ मिनिटांचे. मुंबईत शाळा जूनच्या मध्यास उघडते. पहिले दोन-तीन आठवडे प्रवेश व वर्गबदलांत जातात, जुलैत अतिवृष्टीच्या सुट्ट्या येतात, गणपतीला निम्मी मुले कोकणात गेलेली असतात. म्हणून जुलैत सुरू केलेला दहा सत्रांचा गट मध्येच तुटतो. त्याऐवजी जुलै ते गणेशोत्सव या काळात सहा सत्रांचा छोटा गट, किंवा दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ सत्रांचा गट, हे अधिक टिकते. दहावीचा गट सराव परीक्षेपूर्वी, डिसेंबरमध्ये संपलाच पाहिजे.

दर वेळी त्याच विषयाची तासिका घेतली तर तो विषय बुडतो आणि त्या विषयाच्या बाई गटाच्या विरोधात जातात. म्हणून तासिका फिरती ठेवावी. खेळाचा तास कधीही घेऊ नये. ज्या मुलांना वर्गात काहीच जमत नाही त्यांच्यापैकी अनेकांना मैदानावर जमते, आणि तेच काढून घेतले की गट ही शिक्षा वाटू लागते. दोन अधिवेशनांच्या (सकाळ-दुपार अशा दोन पाळ्यांच्या) इमारतीत शाळा सुटल्यावर खोली मिळत नाही, कारण दुपारचे वर्ग भरलेले असतात. प्रयोगशाळा किंवा ग्रंथालय आधीच मागून ठेवावे.

सत्राची रचना : मुले सतरंजीवर किंवा खुर्च्यांवर गोलात बसतात, मध्ये टेबल नको. सुरुवातीची पाच मिनिटे प्रत्येकाने आजचे मन एक ते दहा या आकड्यांत सांगायचे, पुढची पाच मागच्या आठवड्यात ठरलेल्या गोष्टीचे काय झाले यासाठी, वीस मिनिटे मुख्य कृती आणि शेवटची पाच पुढच्या आठवड्याचे एकच काम ठरवण्यासाठी. ‘माझी पाळी सोडा’ म्हणण्याचा हक्क पहिल्या दिवशीच द्यावा. नियम मुलांच्या शब्दांत कार्डशीटवर लिहून दर वेळी टांगावेत.

अभ्यासाच्या गटात दोन कृती विशेष उपयुक्त आहेत. पहिली, चोवीस तासांचा तक्ता : मूल प्रत्येक तासात काय करते ते रंगवते. पाणी भरण्याची वेळ, धाकट्या भावंडाला शाळेतून आणणे, शिकवणी, दहा बाय बाराच्या खोलीत चालू असलेला टीव्ही, हे सारे कागदावर आले की ‘आळशी’ हा शिक्का गळतो आणि अभ्यासाची जागा (माळा, वस्तीतली अभ्यासिका, मित्राचे घर) शोधता येते. दुसरी, घटक चाचणीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकेतील चुका तीन रंगांनी वेगळ्या करणे : मुळात न आलेले, येत असून चुकलेले, वेळ न पुरल्याने राहिलेले. ‘मला गणित येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला बरेचदा दुसऱ्या रंगाच्या खुणा जास्त दिसतात. शेजारच्या कागदावरही तेच रंग पाहून ‘असे फक्त माझेच होत नाही’ हा दिलासा मिळतो. मानसोपचारतज्ज्ञ अर्व्हिन यालोम यांनी सांगितलेला सार्वत्रिकतेचा घटक तो हाच.

मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ साली मांडलेल्या गटाच्या वाढीच्या टप्प्यांनुसार जुळणीनंतर गटात संघर्ष येतो. आठ सत्रांच्या गटात तो साधारण तिसऱ्या-चौथ्या सत्रात दिसतो : कोणी उशिरा येतो, कोणी दुसऱ्याची नक्कल करतो. नवखा समुपदेशक येथे शिक्षक होऊन ओरडतो आणि गट पुन्हा वर्ग बनतो. अशा वेळी नियमांचा कार्डशीट पुढे ठेवून ‘आता काय चाललंय?’ एवढेच विचारणे पुरते.

गुप्तता : गटात पूर्ण गुप्ततेची हमी देता येत नाही, समुपदेशक फक्त स्वतःपुरते वचन देऊ शकतो. चाळीत किंवा एकाच वस्तीत राहणाऱ्या मुलांबाबत हा प्रश्न तीव्र होतो, कारण दुपारी सांगितलेले संध्याकाळी नळावर पोचते. शक्य तेथे एका मजल्यावरची, एका गल्लीतली मुले वेगळ्या गटांत ठेवावीत आणि घरातील भांडणांचा तपशील गटात न विचारता स्वतंत्र भेटीत ऐकावा. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो या बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या कायद्याच्या (२०१२) कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलांना पहिल्याच सत्रात सांगायची असते. मदतीसाठी मुलांसाठीची चाइल्डलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस १४४१६ हे क्रमांक त्याच कार्डशीटवर असावेत.

परिणाम : अमेरिकेत ग्रेग ब्रिगमन व चारी कॅम्पबेल यांनी २००३ साली, वर्गपाठांना जोडून घेतलेल्या आठ आठवड्यांच्या गटांबाबत अनुकूल निष्कर्ष नोंदवले, पुढील अभ्यासांत गणितातील सुधारणा वाचनापेक्षा ठळक दिसली. गुण हा एकमेव निकष धरू नये. हजेरी, गृहपाठ पूर्ण होण्याचे दिवस आणि वर्गशिक्षकाने आधी व नंतर भरलेली एकच प्रश्नावली ही साधने शाळेत सहज मिळतात.

कायदेशीर स्थिती : शिक्षणहक्क कायद्याच्या (२००९) कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळाला मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा.

समाप्ती : शेवटचे सत्र दोन आठवडे आधी जाहीर करतात. त्यात प्रत्येक मूल दुसऱ्याने केलेली एक मदत नाव घेऊन सांगते. सहा आठवड्यांनी एक पाठपुरावा सत्र होते. नोंदी शाळेच्या दाखल्यांच्या कपाटात न ठेवता वेगळ्या कुलुपात ठेवतात, आणि वर्गशिक्षकाला मुलाने काय सांगितले ते नव्हे, तर वर्गात काय बदलावे तेवढेच कळवले जाते : पहिल्या बाकावर जागा, तोंडी परीक्षेची एक संधी, वही तपासताना लाल शाईऐवजी पेन्सिल.