सॉलिड ॲक्सल स्वॅप: पुढच्या सस्पेन्शनची जुळणी

फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकच्या पुढच्या चाकांचे स्वतंत्र सस्पेन्शन कापून काढून तिथे दोन्ही चाके एकाच हाउसिंगला जोडणारा अखंड ॲक्सल बसवणे, या कामाला ऑफ-रोड मंडळी सॉलिड ॲक्सल स्वॅप म्हणतात. सॉलिड ॲक्सलवर एक चाक खडकावर चढले की दुसरे त्याच हाउसिंगच्या जोरावर खाली दाबले जाते, त्यामुळे दोन्ही टायरवर वजन राहते आणि पकड सुटत नाही. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये चाकाचा वरखाली प्रवास आखूड आर्म आणि सीव्ही जॉइंटचा (चाक फिरवणाऱ्या शाफ्टच्या वाकत्या सांध्याचा) कोन यांवर अडतो. मोठे टायर लावून लॉकर (दोन्ही चाके एकत्र फिरवणारे कुलूप) टाकला की हे जॉइंट तुटायला लागतात, आणि बहुतेक स्वॅपची सुरुवात तिथूनच होते.

या कामाचे सर्वांत रुळलेले उदाहरण म्हणजे अमेरिकेतला 1986 ते 1995 चा टोयोटा पिकअप, म्हणजे जगभरची हायलक्स. 1979 ते 1985 च्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपला कारखान्यातूनच पाट्यांवरचा (लीफ स्प्रिंगवरचा) सॉलिड ॲक्सल येत असे. 1986 च्या मॉडेलपासून तिथे टॉर्शन बारचे (पिळली जाऊन स्प्रिंगचे काम करणाऱ्या दांडीचे) स्वतंत्र सस्पेन्शन आले, आणि टोयोटाच्याच फोररनर एसयूव्हीचेही तेच झाले. म्हणजे नव्या ट्रकला लागणारा ॲक्सल त्याच कंपनीच्या जुन्या ट्रकमध्ये तयार मिळतो. महाराष्ट्रात याच्या जवळ जाणारी गाडी म्हणजे नाशिकला बनलेली 2010 नंतरची पहिल्या पिढीची महिंद्रा थार: पुढे टॉर्शन बार, मागे पाटे. मात्र भारतात मोटार वाहन कायदा 1988 चे कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करू देत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावले आहे. त्यामुळे इथे असा ट्रक खासगी जागेवर किंवा बंद ट्रॅकवरच चालवावा.

ॲक्सल निवडताना पहिली तपासणी डिफरन्शियल (ॲक्सलवरचा गिअरचा डबा) कोणत्या बाजूला आहे याची. 1979 ते 1995 च्या पिकअपमध्ये ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या गिअरबॉक्सचा) पुढचा शाफ्ट उजवीकडून निघतो, त्याच्या जागी आलेल्या 1995 पासूनच्या टॅकोमात डावीकडून. चुकीच्या बाजूचा ॲक्सल घेतला तर पुढे सगळे अडते. दुसरी तपासणी क्राउन-पिनियनच्या (डिफरन्शियलमधल्या मुख्य दोन गिअरच्या) गुणोत्तराची: मागे 4.10 असेल तर पुढेही 4.10 च हवे, नाहीतर घट्ट जमिनीवर फोर-व्हील टाकताच ट्रान्सफर केस जखडते. 35 इंची टायर आणि चार सिलिंडरचे इंजिन असेल तर दोन्हीकडे 4.88 किंवा 5.29 करून घेण्याची हीच वेळ. तिसरी गोष्ट रुंदीची. 1986 नंतरच्या ट्रकचा मागचा ॲक्सल जुन्यापेक्षा सुमारे 3 इंच रुंद आहे. जुन्या पुढच्या ॲक्सलवर नव्या ट्रकचेच हब आणि डिस्क चढवले की प्रत्येक बाजूला दीड इंच भर पडते आणि पुढची-मागची चाके एका ओळीत येतात. काढलेल्या सस्पेन्शनचे हब म्हणूनच भंगारात देऊ नयेत.

कामाचा क्रम

बहुतेक बिघडलेल्या स्वॅपचे मूळ एकच: ट्रक किती उंच हवा हे आधी ठरवले जाते आणि मग त्या उंचीत सगळे कोंबले जाते. योग्य क्रम उलटा आहे. ॲक्सल पूर्ण वर असताना तो कुठे असेल हे आधी ठरवायचे, त्यातून उंची आपोआप निघते, आणि स्प्रिंग सगळ्यांत शेवटी.

चॅसी घोड्यांवर पाणसळीने समपातळीत ठेवावी. जुन्या सस्पेन्शनचे ब्रॅकेट गॅसने किंवा प्लाझ्माने कापून मुळापासून ग्राइंड करावेत. कापण्याआधी मूळ चाकाचे केंद्र ओळंब्याने जमिनीवर उतरवून खूण करून ठेवावी, कारण नंतर मोजायला काही उरत नाही. नवा ॲक्सल या खुणेपासून 1 ते 3 इंच पुढे सरकवतात, म्हणजे मोठा टायर वळताना केबिनच्या पायथ्याला घासत नाही. मग स्प्रिंग न लावता ॲक्सल जॅकने वर न्यावा: सरळ, मग एक बाजू वर आणि दुसरी खाली, मग उलट, आणि प्रत्येक वेळी स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून. डिफरन्शियल आणि ऑइल पॅन यांत निदान एक इंच फट हवी, कारण माउंटवर इंजिनही हलते. टाय रॉड (दोन्ही चाके जोडणारी स्टेअरिंगची दांडी) पाट्याला, प्रोपेलर शाफ्ट क्रॉसमेंबरला किंवा सायलेन्सरला लागतो का ते याच वेळी दिसते. जिथे पहिल्यांदा धडक होईल त्याच्या अलीकडे बंप स्टॉप (ॲक्सलला अडवणारा ठोकळा). 12 इंच स्ट्रोकचा (एकूण चालीचा) शॉक ॲब्झॉर्बर असेल तर साधारण 5 इंच वर आणि 7 इंच खाली, अशी वाटणी ट्रेलवरच्या ट्रकला मानवते.

पाट्यांवरची जुळणी

पाटे सोपे आणि स्वस्त. ते वजनही पेलतात आणि ॲक्सल जागेवरही धरतात, त्यामुळे पहिल्या स्वॅपला तेच घ्यावेत. प्रश्न शॅकलचा, म्हणजे पाट्याचे एक टोक चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याचा. जुन्या टोयोटात शॅकल पुढे आणि स्थिर डोळा मागे असे. या रचनेत ॲक्सल ट्रान्सफर केसच्याच बाजूच्या केंद्राभोवती झुलतो, म्हणून प्रोपेलर शाफ्टची सरक कमी लागते. पण खड्डा आला की चाक वर जाताना पुढे ढकलले जाते आणि धक्का थेट चॅसीत जातो. शॅकल मागे घेतला की चाक धक्क्यापासून मागे हटते, रस्त्यावर गाडी शांत चालते. बदल्यात लांब स्प्लाइनचा शाफ्ट लागतो आणि टायरला मागे जास्त जागा द्यावी लागते.

ट्रक स्वतःच्या वजनावर उभा असताना, पाट्याच्या दोन डोळ्यांना जोडणारी रेषा आणि शॅकल यांतला कोन 90 अंशांहून थोडा जास्त हवा. पाटा सपाट होताना लांबतो. शॅकल आतल्या बाजूला झुकलेला असेल तर त्या लांबण्याला वाट मिळत नाही, पाटा ताठरतो आणि खाली लटकताना शॅकल उलटून चॅसीवर चढतो.

शॅकलचा बुश चॅसीत बसवताना आरपार नळी घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करावी. चॅसी आतून पोकळ आहे. नुसता बोल्ट आवळला तर ती चेपते आणि भोक लांबट होते. ब्रॅकेटखाली 5 मिमीची पट्टी द्यावी, तिची टोके तिरपी कापावीत आणि चॅसीच्या आडव्या छेदात उभा सरळ वेल्ड मारू नये, कारण तडा नेमका त्या रेषेत जातो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवावी. डोळ्यांचे बोल्ट ट्रक चाकांवर उतरल्यावरच शेवटचे आवळावेत. हवेत असताना आवळले तर रबरी बुश पिळलेल्या अवस्थेत राहून फाटतात.

कॅस्टर आणि पिनियन

कॅस्टर म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकाव, आणि पिनियनचा कोन म्हणजे प्रोपेलर शाफ्ट जोडायचे डिफरन्शियलचे तोंड किती वर रोखले आहे ते. हे दोन कोन एकाच हाउसिंगवर असल्यामुळे एक हलवला की दुसरा हलतो. ट्रक उंच झाल्यावर प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढतो, म्हणून पिनियन वर वळवावा लागतो, आणि जितके अंश पिनियन वर तितके अंश कॅस्टर कमी. पिनियन आडवा असताना कॅस्टर 3 अंश असेल आणि पिनियन 8 अंश वर न्यावा लागला, तर कॅस्टर उणे 5 होतो. असा ट्रक वळणानंतर सरळ होत नाही आणि वेगात भरकटतो. मोठ्या टायरला 5 ते 7 अंश लागतात. 6 हवे असतील तर हाउसिंगच्या टोकाचे नकल (ज्यावर चाक वळते ते सांधे) कापून 11 अंश फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. पाचर घालून दोन-तीन अंश मिळतात, अकरा नाही.

पिनियन किती वर न्यायचा हे शाफ्टवर ठरते. दोन्ही टोकांना एकेक क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) असेल तर पिनियन आणि ट्रान्सफर केसचा शाफ्ट परस्परांना समांतर हवेत. वरच्या टोकाला डबल कार्डन (दोन क्रॉसचा जोडसांधा) असेल तर पिनियन थेट त्या जॉइंटकडे रोखायचा. स्प्रिंग पर्च (पाटा टेकण्याच्या बैठका) तोवर वेल्डच्या नुसत्या टाक्यांवर (टॅकवर) ठेवावेत. पूर्ण वजन उतरवून कोन मोजल्यावरच पक्के वेल्ड.

लिंक आणि कॉइल

प्रवास जास्त हवा असेल तर तीन लिंक (ॲक्सल चॅसीला जोडणारे दांडे) आणि पॅनहार्ड बार (ॲक्सल आडवा सरकू न देणारी दांडी). लिंक खाली दोन, वर एक. ॲक्सलवर वरच्या आणि खालच्या लिंकमधले उभे अंतर टायरच्या उंचीच्या पावपट धरतात, म्हणजे 35 इंची टायरला पावणेनऊ इंच. ते कमी पडले तर ब्रेक आणि गिअरच्या पिळाने वरच्या लिंकवर प्रचंड जोर येऊन ब्रॅकेट फाटतो. खालच्या लिंक खडकावर आपटतात, म्हणून 2 इंच व्यासाची, पाव इंच जाडीची डीओएम (साच्यावरून ओढलेली मजबूत पोलादी) नळी घ्यावी. साधा जीआय पाइप इथे चालत नाही.

कॉइलओव्हरचे (शॉकवरच चढवलेल्या कॉइल स्प्रिंगचे) गणित हाताने करता येते. एकावर एक असलेल्या 150 आणि 250 पौंड प्रति इंचाच्या दोन स्प्रिंगचा एकत्रित दर: गुणाकार भागिले बेरीज, म्हणजे 93.75. त्या कोपऱ्यावर चाक-ॲक्सलचे वजन वगळून 800 पौंड असतील तर स्प्रिंग साडेआठ इंच दबेल. 14 इंचाचा शॉक उभ्या ट्रकमध्ये 6 इंच आत जायला हवा असेल तर उरलेले अडीच इंच प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग बसवतानाच तेवढी दाबून ठेवायची. हे शॉक उभा असताना. तो 30 अंश तिरका बसवला तर चाकाला जाणवणारा दर पाऊण होतो.

बंप स्टॉप शॉकचा दांडा तळाला टेकण्याआधी अर्धा इंच तरी लागला पाहिजे. खालच्या बाजूला लिमिट स्ट्रॅप (ॲक्सल जास्त लटकू न देणारा पट्टा) हवा. तो जोरात ताणला की फुटामागे साधारण इंचभर वाढतो, म्हणून तेवढा आखूड घ्यावा.

स्टेअरिंग आणि ब्रेक

1986 नंतरच्या ट्रकचा स्टेअरिंग बॉक्स पिटमन आर्म (बॉक्सवरचा फिरता दांडा) आडवा फिरवतो, त्यामुळे नकलवर उंच आर्म बसवून ड्रॅग लिंक (पिटमन आर्मपासून चाकापर्यंतची दांडी) थेट उजव्या चाकाकडे नेता येते. 1985 पर्यंतच्या बॉक्सची पुढे-मागे ढकलणारी रचना उंच ट्रकवर बंप स्टेअर (खड्ड्यात चाके आपोआप वळणे) देते, म्हणून जुने ट्रकवालेही हा नवा बॉक्स शोधतात. पॅनहार्ड बार असेल तर तो ड्रॅग लिंकला समांतर आणि शक्य तितका तिच्याच लांबीचा हवा. दोघांचे कमान-मार्ग वेगळे पडले की खड्ड्यात स्टेअरिंग आपोआप फिरते. टो-इन (चाकांची पुढची टोके किंचित आत असणे) 1.5 ते 3 मिमी.

60-70 च्या वेगात पुढचा ॲक्सल थडथडायला लागला तर स्टेअरिंग डॅम्पर बदलून उपयोग नाही, तो दोष फक्त झाकतो. आधी इंजिन चालू ठेवून कोणाला तरी स्टेअरिंग डावी-उजवीकडे हलवायला सांगावे आणि खाली पाहावे: पॅनहार्डच्या बोल्टचे भोक लांबट झाले आहे का, टाय रॉडचे टोक खेळते का, नकलचे बेअरिंग सैल झाले आहे का. त्यानंतर कॅस्टर, आणि मग टायरचे बॅलन्सिंग.

पुढच्या ब्रेकच्या रबरी नळ्या पूर्ण लटकलेल्या चाकावर, स्टेअरिंग टोकाला वळवून मोजाव्यात. मागची बाजूही उंच केली असेल तर मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला लोड-सेन्सिंग व्हॉल्व्ह विसरू नये: चॅसी वर गेल्यामुळे तो ट्रक रिकामा समजतो आणि मागचा ब्रेक कमी करतो. त्याचा ब्रॅकेट जेवढी उंची वाढली तेवढाच वर घ्यावा. यू-बोल्ट नवेच वापरावेत, एकदा ताणलेले पुन्हा धरत नाहीत. पहिल्या 100 किलोमीटरनंतर आणि पहिल्या खडकाळ फेरीनंतर, ट्रक चाकांवर उभा ठेवून, ते आणि नकल आर्मचे नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासावेत. हे नट सैल राहिले तर स्टड झिजून तुटतो आणि आर्म नकलपासून सुटतो.