भंडारदरा-कळसूबाई परिसरात फिरणं

कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य कागदोपत्री अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात येतं, पण वीकेंडला तिथं बघाल तर निम्म्या गाड्या एमएच १५ च्या, म्हणजे नाशिकच्या. कारण सोपं आहे, नाशिकहून मुंबई हायवेनं घोटी, तिथून डावीकडे वळून बारी आणि पुढे धरणाजवळचं शेंडी गाव, सगळं मिळून ७० किमीच्या आसपास. रेल्वेनं येणारे इगतपुरीला उतरतात आणि एसटी नाहीतर जीप धरतात. पेट्रोल घोटीतच भरून घ्यावं.

अभयारण्य १९८६ मध्ये जाहीर झालं. इथलं सगळं फिरणं मधल्या पाण्याभोवती चालतं. प्रवरा नदीवरचं विल्सन धरण, म्हणजेच भंडारदरा धरण, १९२६ मध्ये पूर्ण झालं आणि मागे आर्थर लेक पसरला, त्यामुळे पलीकडे समोर दिसणारं गाव गाठायला आख्खा वळसा पडतो. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, मुरशेत आणि परत शेंडी असा हा रिंग रोड. मॅपवरचा टाइम बघून निघू नका, पावसाळ्यात खड्डे, धुकं आणि रस्त्यात बसलेल्या म्हशी यात दिवस सहज जातो, आणि घाटघरच्या कोकणकड्याला पोचावं तर समोर नुसता पांढरा पडदा. शेंडीच्या बाजूनं रतनवाडीकडे बोटही मिळते, पुरेशी माणसं जमली की सुटते. उन्हाळ्यात पाणी उतरत जातं तसा रतनवाडीकडचा काठ मागे सरकतो, मग भेगाळलेल्या गाळातून चालावं लागतं.

पायवाटांमध्ये गर्दी कळसूबाईला, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. वाट बारीतून, अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या. पावसात त्यांचे कठडे बर्फासारखे गार लागतात आणि वरून उतरणाऱ्यांच्या बुटांचा चिखल थेट डोक्यावर पडतो, तरी नवरात्रात गावाकडच्या आयाबाया साध्या चपलेवर देवीला वर जाऊन येतात.

पण खरी मजा रतनगडाची (हे माझं मत). रतनवाडीत अमृतेश्वराचं दगडी मंदिर बघायचं, गावात कुणाच्या तरी घरी पिठलं-भाकरीचं सांगून ठेवायचं आणि प्रवरेचं पात्र ओलांडत जंगलातून वर जायचं. माथ्यावर नेढं आहे, कड्याला आरपार पडलेलं भोक, त्यात बसलं की वारा उभं राहू देत नाही. त्र्यंबक दरवाज्यानं उतरलं तर थेट साम्रद, फक्त गाडी रतनवाडीत ठेवली असेल तर मग बोंबला! साम्रदची सांदण दरी पावसाळ्यात पूर्ण वर्ज्य, सगळ्या डोंगराचं पाणी त्याच घळीतून जातं. हरिश्चंद्रगडाला जायचं तर राजूरवरून पाचनई, ते वेगळ्या दिवशी.

मेअखेर ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत काजवे. त्या रात्री हेडलाइट लावून झाडाखाली गाडी उभी करणारे महाभाग असतात, त्यांना काजवे दिसत नाहीत आणि दुसऱ्यांनाही दिसू देत नाहीत. लाइट बंद करून दहा मिनिटं गप्प उभं राहिलं की मग हिरडा-बेहड्याचं आख्खं झाड एकदम लुकलुकतं, विझतं, परत लुकलुकतं. शेकरू बघायचा असेल तर सकाळी लवकर, आणि नजर वर, फांद्यांकडे.